माणसाचा हात न लागलेलं प्रमाणपत्र

माझ्या हुशारीचा मला फार गर्व होता, हे आधीच कबूल करते. लोणावळ्यातल्या एका प्रशिक्षण संस्थेचं संगणकाचं काम मी बघायचे. संस्थेनं मावळातल्या बायकांसाठी हॉटेलातल्या हाउसकीपिंगचा ऑनलाइन कोर्स काढला, आणि कोर्स पुरा झाल्याची प्रमाणपत्रं आपोआप तयार करणारं सॉफ्टवेअर बसवायचं काम माझ्याकडे आलं. व्हिडिओ संपले, प्रश्नांची उत्तरं बरोबर आली, की नाव, तारीख, सही-शिक्क्यासकट प्रमाणपत्र थेट मोबाईलवर. बैठकीत मी तोऱ्यात सांगितलं, "यात माणसाचा हात कुठेही लागणार नाही." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या आठवल्या की अजून माझाच मला संताप येतो.

प्रमाणपत्रावर नाव कुठून घ्यायचं, हेही मीच ठरवलं. बायकांना टाइप करायला लावलं तर चुका होणार, म्हणून मोबाईलच्या खात्यावर असेल ते नाव सॉफ्टवेअरनं उचलायचं. एका मोबाईलवर एकदाच कोर्स, म्हणजे कुणी लबाडी करायला नको. चाचणी घेतली ती माझ्या मोबाईलवर. त्यावर माझंच नाव, मग चूक दिसणार कुठून? मी काही परगावची नव्हे, इथलीच. आमच्याकडे घरात धड चालणारा मोबाईल एकच असतो, त्यावर नवऱ्याचं नाव असतं आणि तो बायकोच्या हाती येतो दुपारची भांडी घासून झाल्यावर. एवढं मला कुणी शिकवायला हवं होतं का?

पहिल्या तुकडीची प्रमाणपत्रं गेली आणि दोन-तीन दिवसांत जवळच्या औंढे गावची एक बाई ऑफिसात आली. पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेली प्रिंट काढून तिनं माझ्यासमोर ठेवली.

"मॅडम, कोर्स मी केला. ह्यावर नाव आमच्या मालकांचं आलंय."

"त्यांनी एखादा तरी व्हिडिओ बघितला का?"

"न्हाई वो. कंपनीतलं काम सुटल्यापासनं घरीच असत्यात. मी बघायची तवा बाजूला घोरत पडायचे."

मग मी न विचारताच ती सांगत सुटली. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, कुठलं फडकं कुठं वापरायचं, पाहुणा खोलीत असेल तर दार किती वेळा वाजवायचं. मी व्हिडिओ चढवले होते, पण मला यातलं निम्मंही येत नव्हतं. तुंगार्लीतल्या एका नव्या रिसॉर्टमध्ये माणसं घेणार होते. प्रमाणपत्र असेल त्याला सुपरवायझरची जागा, नसेल त्यानं साफसफाई करायची. मुलाखत सोमवारी होती.

मी संचालकांकडे गेले. ते म्हणाले, "एकीचं बदललं की उद्या दाराशी रांग लागेल. आणि माणसाचा हात लागत नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

खरं सांगायचं तर त्यांना विचारायची गरजच नव्हती. पासवर्ड माझ्याकडे होता. यादी उघडायची, एक नाव खोडायचं, दुसरं लिहायचं, दोन मिनिटांचं काम. पण मग माझी रचनाच चुकली हे मान्य करावं लागलं असतं, तेही ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यासमोर. मी बाहेर आले आणि तिला म्हणाले, "ताई, सिस्टीममध्ये नाव बदलता येत नाही."

"आमचंच चुकलं आसंल," असं म्हणून तिनं तो कागद परत प्लास्टिकमध्ये घातला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या दिवशी स्वतःच्या हातानं केलं.

चार-पाच महिन्यांनी संस्थेच्या एका कार्यक्रमासाठी त्याच रिसॉर्टवर जाणं झालं. काउंटरपाशी कोट घातलेला एक माणूस वॉकीटॉकीवर बोलत होता. छातीवरच्या पट्टीवरचं नाव मी वाचलं, पुन्हा वाचलं. ते नाव माझ्या सॉफ्टवेअरनं छापलं होतं. तेवढ्यात चादरींची ट्रॉली ढकलत ती आली. तो तिच्यावर खेकसला, "दोनशे चारची खोली अजून न्हाई झाली? पाहुनं कवाचं बसल्यात."

तो आत गेल्यावर मी तिच्याजवळ गेले. तिनं ओळखलं.

"त्यांनी कागद दाखवला, त्यांना घेतलं," ती म्हणाली. "मला त्यांच्या हाताखाली. काय अडलं तर मलाच इचारत्यात, पण कुणी नसताना."

माझ्याच्यानं राहवलं नाही. "ताई, मी आज नाव बदलून देते. आत्ता, इथे बसून."

"येतं बदलता?"

"येतं. तेव्हाही येत होतं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं ती शिवी देईल, निदान ओरडेल तरी. तसं काही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"आता नगं, मॅडम," ती म्हणाली. "आता बदललं तर त्यांचं काम जाईल."