बुरशीचा स्वयंपाक

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणत, पदाने कितीतरी मोठे असलेले सरसुद्धा. काचेची भांडी धुणं आणि बुरशीचं जेवण रांधणं, सव्वीस वर्षं हेच तिचं काम. ही बुरशी झाडाच्या पानात गुपचूप राहते, बाहेरून पत्ता लागत नाही. बटाट्याच्या पाण्यात साखर घालून वाढवली, की त्या पाण्यात जंतू मारणारं औषध सोडते. मग त्यात भिजवलेली कागदाची टिकली जंतूंच्या ताटलीत ठेवायची आणि भोवती किती रुंद स्वच्छ कडं पडतं ते मोजायचं.

संशोधन करणाऱ्या मुलीचं कडं दोन वर्षं बावीस मिलिमीटर भरत होतं. गेल्या तीन महिन्यांत ते पडेनासंच झालं. तिने तापमान बदललं, साखर कमीजास्त केली, भांडी हलवायचा वेग बदलून पाहिला. बुरशी ढिम्म. महिनाअखेर निकाल नाही दिसला तर काम बंद, असं वरून पत्र आलं. पोरीचा डबा रोज भरलेलाच घरी जाऊ लागला.

मावशीला मात्र कारण कळून चुकलं होतं. प्रयोगशाळेच्या कृतींच्या वहीत लिहिलं होतं, बटाटे सोलून उकळा. पण दर खेपेला चार किलो बटाटे सोलत कोण बसणार? मावशी ते घासून सालींसकट शिजवायची आणि पाणी गाळून द्यायची. तीन महिन्यांपूर्वी सरांनी, नेहमीप्रमाणे उंटावरून शेळ्या हाकत, फर्मान काढलं, "तपासणी येतेय, सगळं वहीबरहुकूम झालं पाहिजे." मावशी घाबरली आणि इमानदारीत सोलायला लागली. ही सुधारली आणि बुरशी बिघडली!

"निवृत्तीला आठ महिने राहिलेत, गप्प बस," नवरा म्हणाला. ती गप्प बसलीही. पण मुलीने सहज हाक मारली तरी ही दचकायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

एके सकाळी मुलगी आपली पुस्तकं खोक्यात भरताना दिसली, तेव्हा मात्र मावशीला राहवेना.

"पोरी, चूक माझी आहे गं," म्हणत तिने सगळं ओकून टाकलं. सर दारातच उभे होते. आता आपली धडगत नाही, असं तिला वाटलं.

मुलीने फक्त विचारलं, "मावशी, बटाटे आहेत का?"

त्याच दिवशी दोन भांडी लावली, एक सोललेल्या बटाट्यांचं, एक सालींसकट. बारा दिवसांनी ताटल्या उजेडात धरल्या. सोललेल्याला कडं नव्हतंच. सालींचं चोवीस भरलं! मुलीने तीनदा मोजलं आणि ती मावशीच्या गळ्यात पडून रडली. मावशीलाही फार हलकं वाटलं.

सरांनी खुर्ची ओढली, कोरी वही उघडली. "बसा मावशी. वहीतलं आणखी काय काय तुम्ही पाळत नाही, ते सांगा."

मावशीने ओले हात पुसले आणि ती बसली.

"सांगते," ती म्हणाली. "पण आधी चहा मागवा. वेळ लागेल."