दुसरं मडकं

पनवेलला थंडी पडत नाही. पनवेलकर ती पाडून घेतात.

डिसेंबर लागला की नवीन पनवेलच्या आमच्या सेक्टरमधली माणसं माकडटोपी, मफलर अशा सरंजामात दूध आणायला निघायची आणि कोपऱ्यापर्यंत पोचताना घामाने निथळायची. त्यांना हसायचा मला अर्थात काहीच अधिकार नाही. मी नाशिकची. 'आमच्याकडे खरी थंडी असते' हे वाक्य मी लग्नानंतर इतक्या वेळा म्हटलं होतं की, मी 'आमच्याकडे' म्हटलं की सासूबाई 'खरी थंडी असते' म्हणून मोकळ्या व्हायच्या.

तर त्या हिवाळ्यात स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर मला मरून रंगाचा, गळ्यापर्यंत येणारा स्वेटर स्वस्तात मिळाला आणि एका मासिकात मी वाचलं की यंदा साडीवर ब्लाउजऐवजी स्वेटर घालायची फॅशन आहे. ब्लाउजऐवजी! म्हणजे उकडलं तरी काढायची सोय नाही. हे मासिकात लिहिलं नव्हतं.

आता मनूबद्दल. मनीषा माझी धाकटी नणंद. लग्न ठरत आलेलं. मुलगा नीलेश, उरणचा, बंदरात कामाला, दोघं एकमेकांना पसंत. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती, आणि ती अडली होती त्याच्या आईपाशी. पहिल्याच भेटीत विहीणबाईंनी आमच्या हॉलमध्ये बसून बजावलं होतं, "आमाला साधी पोरगी पायजे. पावडर-लिपस्टिकचं खूळ आमच्या घरान नाय चालायचं."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मनूने सगळ्यात उशिरा. कारण मनू सहा महिन्यांपासून कामोठ्याला पार्लरचा कोर्स करत होती!

"वहिनी, मी सांगून टाकते त्यांना," ती त्याच रात्री म्हणाली.

"वेडी आहेस का? सुपारी फुटू दे. मग हळूच सांगू. माझं ऐक."

(माझं ऐकून कुणाचं आजवर भलं झालेलं नाही, पण ही गोष्ट त्या वयात कुणी मला सांगितली नव्हती.)

मग ठरली पोपटी. आमच्या रायगडात थंडी पडो न पडो, वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लागतेच. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला घालायचा, वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला ठासायचा, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-झावळ्या पेटवून द्यायच्या. पाण्याचा एक थेंब नाही, तेलाचा नाही. सासूबाईंचं माहेर आपट्याचं, तिथे नदीकाठी त्यांच्या भावाचा मळा. रविवारी विहीणबाई आधी आमच्याकडे चहाला येणार, मग सगळ्यांनी आपट्याला जायचं, पोपटी खायची आणि तिथेच सुपारी फोडायची. खरं तर पोपटी रात्रीची, पण पाहुण्यांना उरणला परतायचं होतं म्हणून दुपारची ठरली.

शनिवारी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मनूचं सामान तिच्या खोलीभर पसरलंय. अकरा लिपस्टिक, दोन कॉम्पॅक्ट, चमकी, खोट्या पापण्या, ब्रश, हातातला आरसा. एकेक वस्तू तिने बाजारात दहा दुकानं हिंडून, घासाघीस करून जमवलेली. कपाटात ठेवावं तर विहीणबाई कपाटं उघडून बघणाऱ्यातल्या. पलंगाखाली ठेवावं तर वाकून बघणाऱ्यातल्या!

आणि मला गॅलरीत दोन मडकी दिसली. एक नवं कोरं, उद्याच्या पोपटीचं. दुसऱ्याचा काठ उडालेला. माझ्या नवऱ्याला, म्हणजे शरदला, कुंभाराने ते असंच देऊन टाकलेलं. ते कोण वापरतंय? मी सगळं सामान मनूच्या कापडी पिशवीत भरलं, पिशवी त्या काठ उडालेल्या मडक्यात घातली, आणि संशय नको म्हणून शेजारच्या ढिगातला भांबुर्डीचा पाला वरून व्यवस्थित दाबून बसवला. मनूला 'सामान सुरक्षित आहे' एवढंच सांगितलं. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की त्या रात्री मला लगेच झोप लागली.

रविवारी सकाळी मी बेडरूममध्ये दार लावून तयार होत होते. आधी तो स्वेटर, त्यावर साडी, मग तोंड. मनूने "मी करून देऊ का?" विचारलं, पण मी म्हटलं, "नको गं, मला येतं." काजळ, गुलाबी पावडर, घरातली माझी एकुलती एक लिपस्टिक. विहीणबाईंना लिपस्टिक मुलीला नको होती, वहिनीला नको असं कुठे म्हणाल्या होत्या? बाहेर फोन वाजला, शरद काहीतरी बोलला, मडकी उचलल्याचा आवाज आला, आणि तो सासूबाईंना घेऊन टेम्पोने पुढे गेला. मी आरशात बघण्यात गुंग होते.

पाहुणे आले. तीन येणार होते, सात आले. विहीणबाईंनी चहा पिता पिता कपाट उघडून बघितलं! मी मनूकडे विजयी नजरेने पाहिलं.

आपट्याला पोचलो तेव्हा मळ्यात जाळ चांगला पेटला होता. सासूबाई आडोशाला तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. मी कौतुकाने जाळाकडे पाहिलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. जाळात दोन मडकी होती!

"अहो," मी शरदला बाजूला ओढलं, "हे दुसरं कुठलं?"

"तेच गं, काठ उडालेलं. सकाळी फोन आला ना, सात जण येतायत म्हणून. म्हटलं एका मडक्यात भागायचं नाही." मग प्रेमाने, "तू तर आधीच पाला लावून ठेवला होतास! मी आईला म्हटलंसुद्धा, नाशिकची असून शिकली बघ."

"मडकं जड नाही लागलं तुम्हाला?"

"लागलं ना. म्हटलं माती चांगली आहे."

सहा महिने जमवलेलं सामान आणि होणाऱ्या सासूची कोंबडी, दोन्ही एकाच मडक्यात भाजत होतं! मी बादली उचलली आणि जाळाकडे धावले. सासूबाई भाकरीच्या हातानेच आडव्या आल्या.

"पोपटीवर पानी? येड लागलं काय गं तुला?"

"आई, ते विझवा! आत्ता विझवा!"

"कच्ची ऱ्हाईल ना! पाव्हण्यांना कच्ची कोंबडी घालतेस?"

पाव्हण्यांना काय घालायचं बाकी होतं, हे मला सात माणसांसमोर सांगता येईना. मी बादली घेऊन जाळाजवळच उभी राहिले. वर ऊन, समोर जाळ, अंगात गळ्यापर्यंत लोकर. घामाच्या धारा कपाळावरून डोळ्यांत आणि डोळ्यांतून खाली लागल्या. जाता येता मी पदराने तोंड पुसत होते, पदराला आधीच राख लागलेली होती. आरसा जवळ नव्हता. तोही मडक्यात होता.

मग वास सुरू झाला. आधी ओव्याचा आणि पाल्याचा, अगदी तोंडाला पाणी सुटावं असा. आणि मागून दुसरा. जळकं प्लॅस्टिक आणि गुलाब.

विहीणबाईंनी नाक वर केलं. "काय घातलंय यान?"

"पाला ओला असेल," शरद म्हणाला.

"पाल्याला गुलाबाचा वास?"

"आपट्याचा पाला आहे," तो म्हणाला. (माझा नवरा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.)

मनू माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली आणि तिला सगळं कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्या क्षणी मला कळलं की लग्न मोडलं तर ती मला एक वेळ माफ करेल, पण ते सामान! मला रडू कोसळायचं बाकी होतं.

शरदने पहिलं मडकं काढलं, पाला बाजूला केला, गोणपाटावर ओतलं. झकास पोपटी! सगळे "वा वा" करत होते. नीलेशने कॅमेरा काढला. मग दुसरं ओतलं.

अंडी गुलाबी झाली होती. साधी गुलाबी नाही, लग्नातल्या शालूसारखी राणी कलर. शेंगांवर चमकी लखलखत होती. पिशवीचा कोळसा झाला होता आणि कोंबडीची एक तंगडी मरून रंगात, माझ्या स्वेटरला अगदी मॅचिंग. सगळ्यात वर एक मोठा बटाटा होता आणि त्याला पापण्या होत्या! लांब, वळणदार, काळ्याभोर.

"गोम! गोम!" नीलेशचे वडील ओरडले, आणि त्यांनी पायातली चप्पल काढून बटाट्याला दोन सणसणीत ठेवून दिल्या.

"मारू नका, बाबा," मनू पुढे आली. "माझ्या पापण्या आहेत त्या. म्हणजे माझ्या सामानातल्या. मी पार्लरचा कोर्स करते."

सासूबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. त्यांनाही कोर्स टायपिंगचा आहे एवढंच माहीत होतं. तेही मीच सांगितलं होतं!

"मला पहिल्या दिवशीच सांगायचं होतं," मनू रडत म्हणाली. "मला ते काम आवडतं. लग्नानंतर सोडणार नाही. आता काय ते बोला."

विहीणबाई उठल्या. एक राणी कलरचं अंडं उचलून त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं.

"थोरल्याच्या लग्नान पार्लरवाली आणली होती," त्या म्हणाल्या. "माझं तोंड असं रंगवलं, जसा भिंतीला चुना. माझा सख्खा भाऊस मला वळखीना! फोटोन बगवत नाय. त्या दिवसापासून नको वाटतं मला ते." त्यांनी अंडं खाली ठेवलं. "तुला नीट येतं काय?"

"येतं," मनू म्हणाली.

विहीणबाईंनी हळूच मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. बादली हातात, काजळ गालांवरून हनुवटीपर्यंत, लिपस्टिक नाकाकडे निघालेली, वर राख.

"मंग," त्यांनी अगदी सावकाश विचारलं, "हिचं तोंड बी तूच रंगवलंस काय?"

मनूचं सगळं आयुष्य त्या एका उत्तरावर अडलं होतं. ती एका दमात म्हणाली, "नाही हो! देवाशप्पथ! ते वहिनीने स्वतः केलंय!"

"स्वतः केलंय," सासूबाईंनी साक्ष दिली. "मी बगितलंय. दार लावून करत होती."

"मनू विचारत होती, करून देऊ का म्हणून. हीच नको म्हणाली," शरद. माझा नवरा!

सगळ्या मळ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. विहीणबाई खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "तं ठीक हाय. फोडा सुपारी." नीलेशने तेवढ्यात फोटो काढला. तो म्हणे मडक्याचा काढायला गेला होता. मी फक्त मध्ये आले.

पहिल्या मडक्यातली पोपटी सगळ्यांत वाटून, सुक्या जवळ्याची चटणी आणि गरम भाकऱ्या खाऊन पाहुणे उरणला गेले. मनूला मी नवं सामान घेऊन दिलं. ती दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही, पण घेतलं. लग्नात विहीणबाईंचं तोंड तिनेच केलं, आणि त्यांच्या भावाने त्यांना लांबूनच ओळखलं.

आता कामोठ्याला मनूचं स्वतःचं पार्लर आहे. आत शिरल्या शिरल्या भिंतीवर दोन मोठे फोटो लावलेत. एकाखाली लिहिलंय 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. 'आधी' मी आहे, बादलीसकट. येणाऱ्या बायका थक्क होऊन विचारतात, "बाई गं! 'नंतर'मध्ये हीच का?"

नाही. 'नंतर'मध्ये विहीणबाई आहेत. माझ्यावर इलाज होईल असं मनूने आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.