मामाच्या गोगलगायी आणि साडूची सोनफुलं

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. लोक आत अडकले की बाहेरच्या जगाला शिव्या घालतात, आणि त्या क्षणी बाहेरचं जग म्हणजे मामाच असायचा. इतकी वर्षं दाराच्या फटीतून लोकांच्या शिव्या खाऊन त्याचा स्वभाव असा झाला होता की कुणी तोंडावर अपमान केला तरी हा शांतपणे विचारायचा, "आत हवा येतेय ना?"

अशा माणसाला छंद नसावा. पण एक कंपनी गाशा गुंडाळत होती आणि तिच्या स्वागतकक्षातली खाऱ्या पाण्याची मोठी टाकी कुणालाच नको होती. मामा शेवटची लिफ्ट तपासायला गेला आणि टाकी घेऊन आला. आत दोन मासे, थोडी पोवळी आणि एका दगडाच्या खाचेत तपकिरी, झिरमिळ्या हलवणारं एक एवढंसं समुद्रफूल.

"किती गोड आहे बघ," तो मला म्हणाला. "एकटंच आलंय बिचारं." आणि तो त्या बिचाऱ्याला चिमट्याने कोळंबीचा चुरा भरवू लागला. सख्ख्या भाचीला त्याने इतक्या प्रेमाने कधी घास भरवल्याचं मला आठवत नाही.

बिचाऱ्याने त्या प्रेमाचं चीज केलं. आधी शेजारच्या दगडावर त्याचं एक पिल्लू दिसलं, मग मागच्या काचेवर चार, मग पाणी खेचणाऱ्या पंपाच्या जाळीत. त्याच्या झिरमिळ्यांना नांगी असते, हे मामाला तेव्हा कळलं जेव्हा जांभळं पोवळं अंग आखडून बसलं आणि पुन्हा उमललंच नाही. मामाने सुरी घेऊन फुलं खरवडली. ही त्याची कामगिरी थोरच म्हणायची, कारण त्या जातीचा खरवडलेला प्रत्येक कपटा पाण्यात तरंगत जातो, दुसरीकडे चिकटतो आणि संसार थाटतो. महिन्याभरात टाकीत माशांना वळायला जागा उरली नाही.

मामी इस्पितळात नर्स. तिने उपाय सुचवला, तोही तिच्या खात्यातलाच. "सुई टोचा. उकळतं पाणी भरा आणि टोचा."

दोघं नवरा-बायको रविवारभर एकेका फुलाला इंजेक्शन देत बसले. फुलं मिटायची, दगडात शिरायची, सोमवारी ताजीतवानी होऊन बाहेर यायची. "माझे पेशंट इतके लवकर बरे झाले असते तर माझी बढती झाली असती," मामी म्हणाली.

शेवटी बाजारात शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याने एका पिशवीत सहा गोगलगायी दिल्या. पाठीवर शंख नाही, नखाएवढ्या, अंगभर मऊ केसांसारखे झुबके. "या फक्त हीच फुलं खातात," तो म्हणाला. "दुसरं काही तोंडात घालत नाहीत."

टाकीत सोडल्याबरोबर त्या जणू अंतर्धान पावल्या. मामीने त्यांच्या नावाने हात जोडले. पण काही आठवड्यांनी मागची काच दिसायला लागली, मग दगड दिसायला लागले, आणि एके सकाळी मामाने घरभर ओरडून सांगितलं की एकही फूल उरलेलं नाही. दगडाखालून लहानमोठ्या मिळून पन्नासेक गोगलगायी बाहेर आल्या. विजयी सैन्य.

आणि उपाशी.

मासेवाल्याने 'फक्त हीच फुलं' म्हटलं होतं, त्यातला 'फक्त' मामाने नीट ऐकला नव्हता. खाऊन तपकिरी झालेल्या गोगलगायी पांढऱ्या पडायला लागल्या. तेव्हा ज्या फुलांना त्याने वर्षभर तळतळाट दिले होते, तीच मागायला मामा पिशवी घेऊन मासेवाल्याकडे गेला.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" मामी म्हणाली. "ढेकूण गेले म्हणून कुणी ढेकूण विकत आणतं?"

"त्यांनी आपलं काम केलं गं," मामा म्हणाला. "काम झाल्यावर उपाशी मारायचं? असं तर कंपनीसुद्धा करत नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "करते. पण आपण नको करूया."

असा तो गोगलगायी पाळणारा झाला. मागच्या गॅलरीत एका टाकीत फुलांची शेती, दुसरीत गोगलगायी, आणि मधल्या फळीवर अंड्यांच्या बरण्या. अंडी म्हणजे पांढऱ्या दोऱ्याची गुंडाळी, कुणीतरी शिवताना टाकून दिल्यासारखी. मामीचे कपडे वाळत घालायची दोरी त्या दिवसापासून बाथरूममध्ये गेली. आता मामा सकाळी फुलांना खाऊ घालायचा, म्हणजे संध्याकाळी ती फुलं गोगलगायींना घालता येतील. इतका निःपक्षपाती माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

हळूहळू नाव झालं. पहिला दातांचा डॉक्टर आला, त्याच्या दवाखान्यातल्या टाकीवर फुलांनी कब्जा केला होता. मग कुणाकुणाच्या ओळखीने आणखी लोक. मामा प्रत्येकाची अशी उलटतपासणी घ्यायचा की मुलगी द्यायचीय की गोगलगाय, कळू नये. टाकीत कोणते मासे? ते किडे टिपतात का? पंपाला जाळी आहे का? उत्तर पटलं नाही तर पिशवी परत फळीवर.

या सगळ्यावर हसण्याचं काम साडूभाऊंनी उचललं होतं. मामीच्या ताईचे यजमान, फरश्यांचं दुकान, आणि दिवाणखान्यात भिंतभर टाकी. "काय गोगलगायवाले, धंदा काय म्हणतो?" ते विचारायचे. "आमच्याकडे बुवा कीड लागतच नाही. स्वच्छता लागते त्याला." टाकीच्या जवळ मात्र ते कुणाला जाऊ देत नसत. सोफ्यावरूनच बघायचं, तेही निळ्या अंधुक दिव्यात. काचेवर श्वास लागतो म्हणे.

मग मामाच्या शेतीवर संकट आलं, आणि ते मामानेच आणलं. दोन्ही टाक्यांना वेगवेगळ्या जाळ्या वापरायच्या, हा नियम त्यानेच केला होता आणि घाईत एकदा त्यानेच मोडला. जाळीला अंड्यांची गुंडाळी चिकटून फुलांच्या टाकीत गेली. तो हे विसरला, अंडी विसरली नाहीत. त्याच्या लक्षात येईपर्यंत शेती साफ. दोन टाक्या भरून गोगलगायी आणि खायला एक पाकळी नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे मासेवाल्याचं दुकानही बंद झालेलं.

मामाने एकेका गिऱ्हाइकाला फोन केला. "तुमच्याकडे थोडी फुलं उरली असतील का?"

"एकही नाही हो!" दातांचा डॉक्टर आनंदाने म्हणाला. "तुमची कृपा!"

संध्याकाळपर्यंत त्याच्यावर इतक्या आभारांचा वर्षाव झाला की तो रडकुंडीला आला. गोगलगायी भुकेने स्वतःचीच अंडी खायला लागल्या होत्या. मामा टाकीसमोर स्टुलावर बसला होता. जेवायला ये म्हटलं तर म्हणाला, "यांच्यासमोर कसं जेवू?" थट्टेचा एकही शब्द मला सुचला नाही, हे इथे नमूद करते.

मामीने फोन उचलला आणि ताईला लावला. "ताई, खरं सांग. तुमच्या टाकीत ती तपकिरी फुलं आहेत?"

"आहेत? अगं, ढिगाने आहेत," ताई म्हणाली. "पण हे पाहुण्यांना 'सोनफुलं' म्हणून सांगतात. दुर्मिळ जात. म्हणून तर दिवा मंद ठेवतात. मी सांगितलं म्हणू नकोस."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मामी दात-ओठ खात, साडूभाऊंची फजिती पाहायच्या तयारीने. मी पण, खोटं कशाला बोलू.

मामा टाकीजवळ गेला. बघितलं. मग वळून अगदी आदराने म्हणाला, "साडूभाऊ, तुमच्या सोनफुलांचा एखादा दगड मिळेल का? माझ्याकडे मिळत नाहीत."

साडूभाऊंचा चेहरा आधी पडला, मग फुलला. "अहो, दिला! पण जपा हं. सगळ्यांच्याकडे जगत नाहीत ती." आणि त्या फुलांची निगा कशी राखावी, यावर त्यांनी मामाला व्याख्यान दिलं. मामा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. मामी पदराने तोंड पुसत होती, नको तेवढा वेळ.

बाहेर आल्यावर ती उसळली. "तोंडावर सांगायचं ना, हे तण आहे म्हणून!"

"सांगितलं तर ते औषध टाकून सगळं मारतील," ओला दगड छातीशी धरून मामा म्हणाला. "मग मी कुठे जाऊ?"

गोगलगायी वाचल्या. दर काही आठवड्यांनी मामा एक दगड आणायचा आणि साडूभाऊ दानशूरासारखे द्यायचे. पण त्यांच्या टाकीतली पोवळी एकेक करून आखडत चालली होती, आणि मामाला ते बघवेना. स्वतःची शेती परत तरारल्यावर एके दिवशी तो रिकाम्या हाताने गेला, म्हणजे फक्त एक पिशवी घेऊन.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "ती सोनफुलं नाहीत. पोवळ्यांना तीच मारतायत. मला आधी सांगायला हवं होतं, पण माझी अडचण होती. या पिशवीतल्या सोडा. दगड तुम्ही देत होतात म्हणून या जगल्यात."

साडूभाऊंनी हात पुढे केला नाही. पिशवी ताईने घेतली. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरून ना फोन, ना निरोप. मामा मात्र ताईला गुपचूप विचारत राहिला, पंपाला जाळी बसवली का.

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा आम्ही सगळे जमलो होतो. दिवाणखान्यात लख्ख दिवे. टाकीतली पोवळी हाताच्या पंजाएवढी उमललेली. साडूभाऊ भावी व्याह्यांना काचेला नाक लावून बघायला सांगत होते. "सगळीकडे तण माजलं होतं," ते म्हणत होते. "लोक औषधं टाकतात. मी म्हटलं, छे! अभ्यास केला, आणि गोगलगायी आणल्या."

"कुठून?" व्याह्यांनी विचारलं.

साडूभाऊंनी मामाकडे पाहिलं. मामा बिस्किट चहात बुडवून बसला होता.

"घरातलाच माणूस आहे," साडूभाऊ म्हणाले. मग त्यांच्या मानाने फारच हळू, "तो बसलाय तिथे. त्यालाच विचारा, मला त्यातलं फारसं कळत नाही."

मामाचं बिस्किट तुटून चहात पडलं. व्याही खुर्ची ओढून त्याच्याजवळ आले. त्यांच्याकडेही एक टाकी होती म्हणे.

"मासे कोणते आहेत?" मामाने विचारलं. "किडे टिपतात का?"