एल्डनची तांब्याची गोळी

सॅमन गावात एल्डन होल्कमच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. उभी हयात लाकडाच्या गिरणीत काढलेला माणूस, त्यात बायको गेल्यापासून राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण त्या वर्षी तो चिडला होता तो पोटच्या पोरीवर, आणि ते कुणाला सांगायचीही चोरी होती.

जॉलीनला दिवस गेले होते. एल्डन नेहमीप्रमाणे एल्कचं, म्हणजे तिकडच्या थोराड सांबराचं, मटण घेऊन तिच्याकडे गेला, तर तिनं ते दारातूनच परत केलं.

"बाबा, रागावू नका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिशाच्या गोळीनं मारलेलं मटण गरोदरपणात खायचं नाही. गोळी आत फुटते आणि तिचे कण लांबवर पसरतात. डोळ्यांना दिसत नाहीत."

"याच मटणावर वाढलीस तू. काय झालं तुला?"

"मला काही झालं नाही. बाळाचं मी कशाच्या भरवशावर सांगू?"

एल्डन मटण काखोटीला मारून तसाच माघारी फिरला. त्या खोऱ्यात बापानं मारलेला एल्क लेकीनं नाकारणं म्हणजे बापाच्या तोंडावर दार लावणं. घरी पोचेपर्यंत त्यानं त्या डॉक्टरणीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग निव्वळ तांब्याच्या गोळ्या मागवल्या. तांबं फुटत नाही, फुलासारखं उमलतं आणि अख्खं राहतं, एवढं त्यालाही माहीत होतं. येत्या मोसमात पोरीच्या फ्रीजरात आपलाच एल्क जाणार, असा त्यानं पणच केला.

विकतचं काडतूस एल्डननं कधी वापरलं नव्हतं. गॅरेजातल्या बाकावर बसून रिकाम्या पितळी पुंगळीत ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून भरायची, वर गोळी दाबायची, हे त्याच्या हातात मुरलेलं होतं. तांब्यानं मात्र त्याला नाकी नऊ आणले. तांबं शिशाहून हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत खोल शिरते आणि दारूची जागा खाते. हे गोळीच्या डब्यावर छापलेलं होतं. पण डब्यानं एल्डनला शिकवायचं म्हणजे काय? त्यानं दारूचं जुनंच माप भरलं. पहिल्याच बाराला आतल्या दाबानं बंदुकीचा मागचा खटका असा अडकला की लाकडी हातोडीनं ठोकून उघडावा लागला. मग झक मारत दारू कमी केली आणि थोडी थोडी वाढवत गेला. तरी निशाणावरची भोकं दाणे फेकल्यासारखी विखुरलेलीच.

खडीच्या खाणीत हा तमाशा बघायला मेहुणा ड्वेन हजर असे. बायकोचा भाऊ, चाळीस वर्षांचा शिकारीतला जोडीदार. गाडीच्या फळीवर बसून कॉफी पीत टोमणे मारायचा.

"तांबंच हवंय तर नळवाल्याकडून पाइपचा तुकडा आण की. तोच कोंब नळीत."

"ड्वेन, तोंड बंद ठेव, नाहीतर पुढची गोळी तुझ्या थर्मासात."

शिशाची गोळी नळीतल्या आट्यांना, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांना, जवळजवळ टेकवून बसवली की नेमकी जाते, हा एल्डनचा आयुष्यभराचा अनुभव. तोच हट्ट त्यानं उन्हाळाभर तांब्यापुढे धरला. शेवटी एका संध्याकाळी वैतागून, "जा मर तिकडे," म्हणत त्यानं गोळ्या आट्यांपासून चांगल्या लांब, खोल दाबून टाकल्या. दुसऱ्या दिवशी तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली.

"एवढंच हवं होतं तर आधी बोलायला काय झालं होतं?" तो गोळीवर खेकसला. पण त्या दिवशी त्यानं ड्वेनला कॉफी पाजली.

एल्डनच्या नावावर एकाच मादीचा परवाना होता. एक जनावर, मग वर्षभर काही नाही. शिकारीत दोघा मेहुण्यांची रीत अशी की एकानं एल्क पाडला आणि तो उठू लागला, तर जोडीदारानं न विचारता आणखी एक गोळी घालायची, म्हणजे जनावर दरीत उतरून हातचं जात नाही. म्हणून एल्डननं डोंगर चढण्यापूर्वीच ड्वेनला बजावलं.

"या खेपेला तू बार काढायचा नाहीस. तुझं शिसं मला त्या अंगात नको."

"किती वेळा सांगशील? नाही काढत."

सेजच्या झुडपांतून मादी बाहेर आली तेव्हा एल्डननं श्वास सोडला आणि चाप ओढला. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली. पण तांब्याची गोळी खाल्लेलं जनावर कधीकधी जागीच कोसळत नाही. मादी चार पावलं चालली आणि नुसती उभी राहिली. एल्डनला ठाऊक होतं, ती आता पडणारच.

खालच्या अंगाला उभ्या ड्वेनला ते ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, तांबं फसलं. मागून त्याचा बार झाला. गोळी मांडीतून शिरली आणि अंगभर फाटत छातीपर्यंत गेली.

मादी पडली, तसा एल्डन तरातरा उतरून आला.

"मी काय सांगितलं होतं तुला?"

"अरे, ती उभी होती. हात आपोआप गेला. दुसरी मांडी तरी चांगली आहे ना, बघ, ओरखडासुद्धा नाही."

"दिसत नाही म्हणून नाही असं होत नाही, गाढवा!" एल्डनचा आवाज दरीभर घुमला. "घेऊन जा. सगळं घेऊन जा. खुरासकट."

दोघांनी जनावर सोललं आणि पाठीवरून उतरवलं. मटण ड्वेनच्या गाडीत चढलं.

एल्डन रिकाम्या हातानं जॉलीनच्या दारात उभा राहिला आणि झालं ते सगळं सांगितलं, मामाला शिव्या घालत.

"दुसरी मांडी ठेवू या की, बाबा," ती हळूच म्हणाली. "इतके महिने खपलात तुम्ही त्यासाठी."

"नाही. बाळाचं मी कशाच्या भरवशावर सांगू? तू तोंडात घालायचं नाहीस."

जॉलीननं बापाकडे पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं.

"जेवायला चला. कोंबडी केलीय. दुकानातली आहे."

ऐन एल्कच्या मोसमात होल्कमांच्या ताटात दुकानातली कोंबडी. एल्डन दात ओठ खात बसला. पहिला घास घेऊन म्हणाला, "हिला काही चव नाही." मग ताट पुढे केलं आणि आणखी वाढून घेतली.