टेस्ट म्हणजे आपलीच मूस

सुमनताई, गुडघा कसा आहे? राजाभाऊ, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? आणि सटाण्याच्या विहीणबाई, खोकला गेला की अजून काढा चालूच... माझी तब्येत ठणठणीत.

काल नात शाळेतून तोंड पाडून आली. "आजोबा, उद्या इंग्लिशची टेस्ट..." मला हसूच आलं. या शब्दाने मलाही घाम फोडला होता, तोही सत्तेचाळिसाव्या वर्षी!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या सराफ बाजारात मी सोनं-चांदी गाळायचो. मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या मातीच्या वाटीत, तापवून खरं किती, हीण किती, ते नजरेने ओळखायचो.

मग मशीनचे दागिने आले, हातकाम बसलं. तेवढ्यात शहरात हॉलमार्कचं तपासणी केंद्र निघालं. काम अगदी माझंच... पण अट दहावी पासची, आणि मी सातवीत शाळा सोडलेली.

बाहेरून बसायचं म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकीचे विषय जमले, इंग्रजीने जीव खाल्ला. शेजारची मंगल शाळेत शिक्षिका, ती दर रविवारी माझी टेस्ट घ्यायची. मी लिहायचो, खोडायचो, पुन्हा लिहायचो, पुन्हा खोडायचो...

"अहो काका, पहिलंच उत्तर बरोबर होतं की!"

आतून आमची ही, "गुंजभर सोनं तोलताना हात हलत नाही, अन् पेन धरलं की भूकंप!"

एकदा वैतागून म्हटलं, "मंगल, ही टेस्ट आली तरी कुठून, बघ बाई." तिने जाडा कोश उघडला आणि वाचता वाचता थांबली.

"काका... हे तर तुमचंच निघालं! मूळ लॅटिन, मातीचं भांडं. पुढे सोनं-चांदी तापवून पारखायची वाटी, ती टेस्ट. परीक्षा हा अर्थ नंतरचा."

म्हणजे मूस! आपली कसोटी सोनाराच्या काळ्या दगडाची, साहेबाची टेस्ट सोनाराच्या वाटीची. तीस वर्षं जिच्यासमोर मांडी घालून बसलो, तिलाच घाबरत होतो...

मुशीपुढे एक शिस्त असते. आच लागली की ढवळाढवळ नाही. हीण आपोआप वाटीत मुरतं, लखलखीत मणी उरतो. परीक्षेला तसाच बसलो. लिहिलं, की हात मागे.

इंग्रजीत बावन्न मार्क! हिने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. "बावन्न म्हणजे बावनकशीच की," असं दारोदार सांगत.

केंद्रातल्या पहिल्या दिवशी साहेबांनी राख दाबून घडवलेली एक छोटी वाटी माझ्या तळहातावर ठेवली. "जपून हं काका, यातच टेस्ट करायची."

म्हटलं, "साहेब, आमची ओळख जुनी आहे."

हे सगळं ऐकून नात सकाळी हसत शाळेत गेली... मंगल, पोरी, तुझे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्याही कामधंद्यातून असा एखादा शब्द जगभर फिरायला गेला असेल, तर मला लवकर लिहून कळवा. आणि सुमनताई, गुडघ्याचंही लिहा... वाट बघतोय.