कर्णेवाल्याचं शेपूट

‘शब्द तुमचे, आवाज माझा.’

कर्णेवाला हे येताजाता म्हणायचा. कापडदुकानाचा सेल गर्दी पोचायच्या आधीच संपला आणि बायका त्याच्यावर तुटून पडल्या, की तो सायकलवरून एक पाय खाली टेकवून, मान तिरपी करून म्हणे, ‘ताई, शब्द त्यांचे, आवाज माझा. आवाजात काही खोट असेल तर सांगा.’ आवाजात खोट कधीच नसे. त्यामुळे भांडण तिथंच विझून जाई.

सायकलच्या हँडलला पुढं तोंड करून बांधलेला कर्णा, मागच्या कॅरिअरवर लाकडी पेटीत बॅटरी आणि गळ्यात दोरीनं अडकवलेला माईक, एवढाच त्याचा संसार रस्त्यावर फिरे. दुकान उघडलं, पाणी येणार नाही, कुणाची गाय हरवली, कुणाचं माणूस गेलं, सगळं आमच्या गावाला आधी त्याच्या तोंडून कळायचं. प्रत्येक गोष्ट तो तीनदा सांगे. एकदा झोपलेल्याला जागं करायला, एकदा ऐकवायला आणि एकदा पटवायला, असा त्याचा हिशेब.

आणि शेवटी शेपूट.

शेपूट म्हणजे त्यानं स्वतःच्या पदरची जोडलेली ओळ. ती कुणी मागत नसे, तिचं कुणी काही देत नसे. पण कोरडी घोषणा करणं त्याला अंगावर पारोसे कपडे घातल्यासारखं वाटे. हरवलेल्या गाईच्या वर्णनाला त्यानं एकदा शेपूट लावलं होतं, ‘शिंग आहे वाकडं, चाल आहे संथ, सापडली तर सांगा, नका पाहू अंत!’ गाय संध्याकाळी सापडली. ओळ मात्र गावात कितीतरी वर्षं फिरत राहिली. उशिरा येणाऱ्या नवऱ्याला बायका म्हणायच्या, ‘आता नका पाहू अंत!’

त्याच्या कर्ण्याचा गोडवा ज्याच्या हातात होता, तो दुरुस्तीवाला खाणवस्तीतला. खाणवस्तीतल्या लोकांचे आजेपणजे कधीकाळी समुद्रापलीकडून दगड फोडायला आणलेले. रंगानं गडद काळे, केस दाट कुरळे, भाषा मात्र आमचीच, शिव्यासुद्धा आमच्याच. दुरुस्तीवाल्याच्या टपरीत कर्णेवाल्याला बसायला एक उलटा डबा कायम रिकामा ठेवलेला असे.

‘काय रे, घसा बसलाय का तुझ्या यंत्राचा?’ दुरुस्तीवाला विचारी.

‘यंत्राचा नाही, मालकाचा. चहा सांग.’

‘चहा तू सांग. तुझा आवाज लांब जातो.’

दुरुस्तीवाल्याची लेक तेव्हा एवढीशी होती. कर्णेवाला तिला सायकलच्या दांडीवर बसवी, माईक तिच्या तोंडाशी धरी आणि ती सगळ्या बाजाराला ओरडून सांगे, ‘हॅलो, हॅलो, कर्णेकाका टकले आहेत!’ सगळ्यांत मोठ्यानं तोच हसे.

पुढं खाण बंद पडली. हातातला हातोडा खाली ठेवून खाणवस्तीतली माणसं बाजारात आली. कुणी भाजी मांडली, कुणी कपडे शिवायला घेतले. ती स्वस्त विकत आणि उशिरापर्यंत बसत. जुन्या दुकानदारांच्या पोटात दुखायला लागलं. जिथं इतकी वर्षं फक्त कुजबुज होती, तिथं आता उघड बोललं जाऊ लागलं: यांचा रंग, यांचा वास, यांची पैदास.

एक दिवस व्यापारी संघाचा चिटणीस कर्णेवाल्याच्या दारात आला. ‘खाणवस्तीवाल्यांच्या दुकानातून कुणी काही घेऊ नये, एवढंच सांगायचं,’ तो म्हणाला. ‘साधं, सरळ. जास्त काही नको.’

कर्णेवाला निघाला. पहिल्या दोन गल्ल्यांत त्यानं तेवढंच सांगितलं. नजर रस्त्यावर, आवाज थोडा पडलेला. पण पाण्याच्या टाकीजवळ नेहमीची मंडळी बसली होती. त्याचं संपल्यावर कुणीतरी ओरडलं, ‘अहो, शेपूट कुठंय? आज कंजूषपणा का?’

सगळे त्याच्याकडे बघत होते. चेहऱ्यांवर हसू आधीच तयार होतं, फक्त त्याच्या ओळीची वाट होती. आणि ओळ आली. ती काही विचार करून आली नाही. शिंक येते तशी आली.

ती ओळ मी इथं लिहिणार नाही. तिच्यात चुलीची काजळी होती, माणसाची कातडी होती आणि हात लावला तर हाताला लागेल अशी भीती होती. एवढं पुरे. तिला ताल होता, तोच घात झाला. टाकीजवळची माणसं टाळ्या पिटून हसली. दिवे लागायच्या आत पोरं ती दोरीवरच्या उड्यांना म्हणत होती.

मग एका शिंप्याच्या दुकानाची काच फुटली. भाजीवाल्या म्हातारीची पाटी कुणीतरी पायानं उलटवली. आणि शाळेत एक वेगळंच सुरू झालं. दुरुस्तीवाल्याची लेक आता वरच्या वर्गात होती. ती फळ्याशी उत्तर लिहायला गेली, की मागच्या बाकांवरून बोटांनी त्या ओळीचा ताल वाजे. शब्द नाही, फक्त टकटक. बाई वळून विचारत, ‘काय चाललंय?’ सगळे हात मांडीवर. कुणी काही बोललेलंच नसे. लेकीनं शाळा सोडली.

त्याच सुमारास सरकारनं एका कायद्याचा मसुदा काढला: वंशावरून, रंगावरून द्वेष पसरवणारं बोलणं हा गुन्हा. लोकांचं मत घ्यायला पालिकेच्या सभागृहात सभा ठेवली. माईक लावायचं काम दुरुस्तीवाल्याला मिळालं, कारण ते दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

सभा रंगली. चिटणीस म्हणाला, ‘उद्या मी काळा चहा मागितला तरी आत टाकाल काय?’ हशा पिकला. खाणवस्तीतली एक नर्स उठली. ‘काळा आहे म्हणून चहाच्या दुकानाची काच कुणी फोडलेली नाही, साहेब,’ ती म्हणाली. मग एक तरुण वकील बोलला. त्याचं बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं. आज हा कायदा दुबळ्यांसाठी आहे, उद्या सत्तेतला माणूस त्यानं दुबळ्यांचंच तोंड दाबेल, हे त्यानं सांगितल्यावर नर्सही खाली बसली.

तेव्हा चिटणिसानं कर्णेवाल्याला पुढं केलं. ‘या गरिबाकडे बघा. पोटासाठी दुसऱ्याचं बोलणं बोलतो. याला बेड्या घालणार?’

माईकची वायर हातात घेऊन यंत्राशी बसलेला दुरुस्तीवाला उठला. ‘मला कायद्यातलं कळत नाही,’ तो म्हणाला. ‘मला याला एकच विचारायचंय. दुकानात जाऊ नका, हे संघाचं. ते शेपूट कुणाचं?’

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. चिटणिसालाही होतं. दुरुस्तीवाल्याला बाकी काही नको होतं, फक्त दोस्तानं चारचौघांत ‘माझं’ म्हणावं. तेवढ्यावर कदाचित कर्णेवाला पुन्हा टपरीतल्या उलट्या डब्यावर बसला असता.

कर्णेवाला माईकपाशी गेला. लोकांकडे बघितलं. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंड आपोआप उघडलं.

‘शब्द तुमचे, आवाज माझा.’

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुरुस्तीवाला खाली बसला. काम अंगावर घेतलेलं, म्हणून सभा संपेपर्यंत त्याला तिथंच, त्या आवाजाच्या शेजारी बसून राहावं लागलं. मग त्यानं वायरी गुंडाळल्या आणि तो निघून गेला.

मसुदा वर गेला आणि वरच अडकला. गाव आपल्या कामाला लागलं. कर्णेवाल्यानं मात्र शेपूट लावणं सोडलं. गिऱ्हाइकं म्हणत, ‘हल्ली मजा नाही राहिली.’ कर्णा खरखरू लागला. त्यानं तो दूरच्या शहरातून दुरुस्त करून आणला, पण पूर्वीचा गोडवा आला नाही.

‘जा की एकदा त्याच्याकडं,’ बायको म्हणायची.

‘कोणत्या तोंडानं जाऊ?’

‘ज्या तोंडानं बोललात, त्याच. दुसरं आणलंय का कुठून?’

बराच काळ गेला. बाजार निवळला. दुरुस्तीवाल्याची लेक नव्या वर्षापासून पुन्हा शाळेत जायला लागली होती, मागच्या बाकांवरची पोरं पुढच्या शाळेत गेली होती. हे कर्णेवाल्याच्या कानावर आलं, तेव्हा कुठं त्याला धीर आला. एका संध्याकाळी त्यानं कर्णा पुसला, बॅटरी भरली आणि तो खाणवस्तीकडे निघाला. बऱ्याच दिवसांनी तो तिकडं वळलेला पाहून बाजारातली पोरं त्याच्या मागं पळत सुटली.

दुरुस्तीवाल्याच्या दारासमोर त्यानं सायकल उभी केली. ‘ऐका हो ऐका,’ तो म्हणाला. ‘ते शेपूट संघाचं नव्हतं. ते माझं होतं. मीच म्हटलं होतं...’

आणि कोणतं शेपूट, हे स्पष्ट व्हावं म्हणून त्यानं ती ओळ म्हटली. अर्धवट घोषणा त्याला येतच नव्हती. डोळ्यांत पाणी, पण ताल जसाच्या तसा. आणि सवयीप्रमाणे त्यानं सगळं तीनदा सांगितलं.

गल्लीतल्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. मागची पोरं ओठ हलवत होती.

दुरुस्तीवाला बाहेर आला. त्यानं पुढं होऊन माईकची पिन काढली. ‘माफी मागायची होती,’ तो म्हणाला, ‘तर दार वाजवायचं होतंस.’

दुसऱ्या दिवशी लेक फळ्याशी गेली. नवा वर्ग, नवी पोरं. बाकांवरून टकटक सुरू झाली. या पोरांच्या तोंडी ती ओळ आदल्या दिवसापर्यंत नव्हती.

कर्णेवाल्यानं कर्णा उतरवला. बायको सांगते, घरातही तो बोलेनासा झाला. मीठ हवं असेल तर बोट दाखवी.

पुढचं मला दुरुस्तीवाल्याच्या लेकीनं सांगितलं. एका दुपारी दार वाजलं. तिनं उघडलं तर समोर कर्णेकाका, सायकल नाही, कर्णा नाही. आत तिचे वडील यंत्रात मान घालून बसले होते. काका काहीतरी बोलले. तिनं त्यांचा आवाज नेहमी सगळ्या गावाला पुरणारा ऐकलेला. एका माणसापुरतं बोलायची त्या गळ्याला सवयच नव्हती. नुसते ओठ हलले आणि आत कुठंतरी थोडी खरखर झाली.

‘काय काका?’ तिनं विचारलं.

त्यांनी मान हलवली आणि ते वळले.

‘कोण आहे गं?’ आतून वडिलांनी विचारलं.

‘कर्णेकाका.’

हातातलं काम थांबलं. ‘काय म्हणाला?’

‘ऐकू नाही आलं.’

दुरुस्तीवाला उठून दारात आला. दोघं उंबऱ्यात उभी राहिली. कर्णेवाला उतारावरून चालला होता, उजवा हात अंगापासून थोडा दूर, सायकलचं हँडल धरल्यासारखा. वडील हाक मारतील, असं तिला वाटलं. त्यांनी एकदा श्वासही घेतला. पण एवढ्या लांब आवाज पोचवणं त्यांना कधी जमलं नव्हतं. वळणावर तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. वडील त्याआधीच आत गेले होते.