ओला अंगठा

काळ्या पाषाणाला सकाळचं पाणी लागलं की त्याला एक वास येतो. तेलाचा, जुन्या धुपाचा, आणि त्याच्याही खाली कुठेतरी विहिरीच्या तळाचा. त्या ओल्या काळोखावर तगरीची पांढरी पाकळी लावावी, तर ती क्षणभर थरथरते आणि मग गप्प बसते. सारा गाभारा तिच्याकडे बघत राहतो. समई बघते, उंबऱ्यावर टेकलेली माणसं बघतात, बाहेर फणसाखाली बांधलेलं गुरूही कान टवकारून उभं आहे असं वाटतं. माझं सगळं आयुष्य त्या पाकळीची वाट बघण्यात गेलं. आणि तरीही सांगतो, ती पडताना कधी दिसली नाही. पापणी लवते आणि ती खाली आलेली असते.

मी गावदेवीचा गुरव. इयत्ता चौथीपर्यंत शिकलो, पुढे मास्तरांनी नाद सोडला आणि मीही सोडला. आमच्याकडे देवीला कौल लावायची रीत आहे, ती ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. देवीच्या उजव्या अंगाला एक पाकळी लावायची, डाव्या अंगाला एक लावायची, मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं आणि बसायचं. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी आधी पडली तर नकार. पोरीचं जमवू काय, विहीर इथे खणू काय, मुंबईला गेलेल्याचं पत्र येईल काय. माणसाच्या संसारात जेवढे प्रश्न, तेवढे त्या पाषाणाने ऐकले आहेत. आमचे जावई मालगुंडला शाळामास्तर. ते फार सभ्यपणे म्हणतात, "मामा, पाणी सुकलं की पाकळी पडते, यात देवी कुठे आली?" अहो, हे मला ठाऊक नाही काय! चाळीस वर्षं माझाच अंगठा त्या पाण्यात बुडतो आहे. ज्या पाकळीला पाणी जास्त, ती धरून राहते. जिला कमी, ती आधी सुटते. कोणा बाईचा मुलगा जहाजावर आहे, आठ महिने कागद नाही, ती डोळ्यांत प्राण आणून बसली आहे, तेव्हा डावीकडची पाकळी लावताना अंगठा जरा जास्त ओला राहिला, असं माझ्या हातून झालेलं आहे. नेहमी नव्हे. पण झालेलं आहे.

आणि ते एकाच माणसाला कळत असे. माझी बायको द्वारका. देवळातून घरी आलो की ती चुलीपुढून मान वर न करता विचारायची, "ओ, अंगठा पुसलात काय?" बस, एवढंच. पुसला असेल तर मी सरळ होय म्हणायचो आणि नसेल तर पाय धुवायला मागीलदारी जायचो. मग तिची सुरुवात व्हायची. "जल्लं मेलं तुमचं ते! देवीला तोंड आहे ना? मग तिला बोलू द्या. तुम्ही कशाला तिच्या तोंडात घास कोंबता?" तिचं स्वतःचं देवीशी वागणं निराळंच होतं. तिने जन्मात कधी देवीला काही विचारलं नाही, ती सांगायची. अंगण सारवताना, तांदूळ पाखडताना, रताळी उकडताना तिचा संवाद अखंड चालू. "बघतेस काय गो नुसती? गाय आटली. तुला काय, तुला नैवेद्य मिळतो!" मी म्हणायचो, अगं, जरा मर्यादा. ती म्हणायची, घरच्या बाईशी कसली मर्यादा! काय असेल खरी रीत देवाशी बोलण्याची? माझ्यासारखं पाकळीआडून विचारायचं, की तिच्यासारखं पदर खोचून भांडायचं? भाट्याचा इब्राहिम तांडेल माझा जुना स्नेही, खाडीवर मासळी आणायला गेलो की त्याच्याकडे चहा ठरलेला. तो म्हणे, आमच्यात मधे कोणी नको, सरळ वर बोलायचं. मी विचारलं, आणि वरून उत्तर नाही आलं तर? तो हसला. "तर जाळं टाकायचं. उत्तराची वाट बघत कोण किनाऱ्याला बसतो रे गुरवा?"

मग द्वारकेच्या पोटात दुखू लागलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं ते मी तिला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. पण एक दिवस आंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून ती म्हणाली, "चला, आज माझा कौल लावा." जिने जन्मभर काही विचारलं नाही, ती विचारायला निघाली! देवळात ती माणसांच्या जागी बसली आणि मी माझ्या जागी उभा राहिलो. मी गाऱ्हाणं घातलं. "बा देवी महाराजा, ही तुझ्या पायाशी आली आहे, ही बरी होणार असेल तर उजवा दे." उजवी पाकळी मी जवळजवळ कोरडीच टेकवली. डावीला मात्र पाणी लावलं ते असं लावलं, जणू काय तिला तिथे जन्मभर राहायचं होतं. उजवी लगेच आली. मी मोठ्याने म्हटलं, उजवा दिला! द्वारका उठली, उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. पायवाटेने आम्ही घरी आलो. आणि त्या दिवशी, साऱ्या संसारात पहिल्यांदा, तिने मला अंगठ्याचं विचारलं नाही.

भातकापणीच्या आधीच ती गेली.

माणूस गेल्यावर घरात काय काय उरतं! दांडीवरचं लुगडं, अर्धी राहिलेली कोकमाची बरणी, सुपाला तिने दिलेला शेणाचा हात. या साऱ्यांची सवय होते. मला सवय झाली नाही ती एका न विचारलेल्या प्रश्नाची. का विचारलं नाहीस? तुला कळलं नव्हतं काय? भोळेपणी विश्वास ठेवलास आणि मी तुला देवीच्या तोंडून फसवलं? की कळलं होतं, आणि माझा इतका राग आला होता की बोलावंसं वाटलं नाही? पाषाणाला विचारावं, तर गुरवाने स्वतःसाठी कौल लावायचा नाही ही आमच्या घरची शिस्त. आणि लावला असता तरी माझ्या अंगठ्यावर माझाच भरवसा राहिला नव्हता.

नेमक्या त्या दिवसांत सड्यावर, गावाच्या वरच्या कातळमाळावर, एका बागायतदाराच्या रिकाम्या बंगल्यात माताजी येऊन राहिल्या. घाटावरच्या कुठल्या तरी गावाच्या. पांढरं वस्त्र, मऊ आवाज. गुरुवारी दुपारी बैठक असे. आधी टेपवर त्यांचं प्रवचन लागे, दुबईहून कोणी आणून दिलेला तो मोठा टेप, आणि मग त्या स्वतः येत. मेलेल्या माणसांना त्या बोलतं करतात, असं ऐकलं आणि मी गेलो. तुम्ही म्हणाल, चाळीस वर्षं कौल लावणारा माणूस, त्याला एवढं कळू नये? नाही कळलं. ज्याला पाणी हवं असतं तो झऱ्याचं मूळ शोधत बसत नाही.

पहिल्या गुरुवारी त्यांनी मनगटाला धागा बांधला. दुसऱ्या वेळी सांगितलं, बाहेरच्या माणसाच्या हातचं पाणी घ्यायचं नाही. मग सांगितलं, दगडासमोर उभं राहणं बंद करा, देव आता फक्त इथेच बोलतो. एकेक गोष्ट इतकी लहान असे की तिला नाही म्हणायला लाज वाटावी. मी देवळाची किल्ली शेजाऱ्याकडे दिली. एका गुरुवारी एका बाईने साखरेच्या आजाराच्या गोळ्यांची पुडी माताजींच्या पायाशी ठेवली, म्हणाली, आता मला यांची गरज नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पुढे ती बाई बैठकीला दिसली नाही, आणि कोण का दिसत नाही हे विचारायची तिथे चाल नव्हती. त्या टाळ्या अजून माझ्या तळहातांत आहेत. इब्राहिमने तेवढं एकदा रस्त्यात गाठून म्हटलं, "होडीत बसलास ते बसलास, गुरवा. पण उतरायला मिळेल काय, हे विचारलंस काय?" मी त्याच्याकडचा चहा सोडला होता. मान खाली घालून पुढे गेलो.

आणि माझी लेक सुलू आली. मालगुंडहून दोन गाड्या बदलून, सातव्या महिन्याचं पोट घेऊन, भर उन्हाची. तिने माताजींना उघड भोंदू म्हटलं होतं, म्हणून तिला घरात घ्यायचं नाही असा मला हुकूम होता. ती अंगणात तुळशीजवळ उभी राहिली. विहिरीचं पाणी तिनेच काढलं, तांब्या माझ्यापुढे धरला. "बाबा, आधी दोन घोट घ्या. मग मला तुम्हाला आईचं काहीतरी सांगायचंय." मी हात पुढे केला नाही. मी म्हटलं, माताजींना शरण ये, मग बोलू. तिने तांब्यातलं पाणी तुळशीला ओतलं, तांब्या पालथा घातला आणि म्हणाली, "आई असती ना, तर केरसुणी घेऊन मागे लागली असती तुमच्या." आणि गेली. पुढे मुलगी झाली, बारशाचं बोलावणं आलं. मी गेलो नाही.

शेवटी माझी पाळी आली. माताजींनी डोळे मिटले, श्वास लांबवला आणि बायकी, रडवेल्या सुरात म्हणाल्या, "प्राणनाथ!" काय सांगू, इतक्या लोकांत, इतक्या दुःखात, मला हसू फुटायला आलं. द्वारका! जिने मला उभ्या जन्मात "ओ" च्या पलीकडे हाक मारली नाही! तरी मी मन घट्ट केलं आणि विचारलं, त्या दिवशी अंगठ्याचं का विचारलं नाहीस? मग उत्तर आलं. "तुमचा अंगठा पवित्र आहे. तुमचं काहीच चुकलं नाही. मी सुखात आहे. दगड सोडा, त्या मुलीला विसरा, माताजींचे पाय धरा." जे ऐकायला मी चार महिने तडफडत होतो, नेमकं तेच! जसं हवं तसं, लगेच, उजवीकडून. मी माताजींच्या हाताकडे बघितलं. दिसत काही नव्हतं, पण मी जन्माचा गुरव. मला ठाऊक होतं की तो अंगठा ओला आहे. आणि माझ्या पोरीला विसरा असं द्वारका म्हणेल? देवी स्वतः येऊन म्हणाली असती, तरी तिच्याशीही भांडली असती ती.

मी उठलो. माताजींची दोन माणसं दाराशी आडवी आली, म्हणाली, असं मधून उठलं की घराला त्रास होतो. मी म्हटलं, घरात आता त्रास व्हायला मी एकटाच आहे, बाजूला व्हा. सड्याच्या कातळावरून उतरताना धागा दातांनी तोडला. देवळाची किल्ली घेतली, दार उघडलं. चार महिने मी फिरकलो नव्हतो. देवीने मागे निरोप धाडला नव्हता, भीती घातली नव्हती, पोरगी तोड म्हणून सांगितलं नव्हतं. होती तिथे होती. मी पाषाणाला पाणी घातलं, काही न विचारता नमस्कार केला आणि गाडी धरली.

मालगुंडला सुलू ओटीवर बाळाला तेल लावत होती. मला बघून तिने नात उचलली नाही की पुढे केली नाही. "आता आलात? पाणी चालेल काय आमच्या हातचं?" मी म्हटलं, चालेल. तिने आणलं. मी सगळा तांब्या रिकामा केला, आणि मग तिथेच, जावयांच्या देखत, कौलाचं सगळं सांगून टाकलं. डावी पाकळी, तिचं पाणी, सगळं. सुलूचे हात थांबले. "तेच सांगायला आले होते ना मी त्या दिवशी! तुम्ही तांब्या घेतला नाहीत." मग ती रडत हसत म्हणाली, "आईने मला सांगितलान होतं सगळं. म्हणाली, तुझा बापूस घाबरला गो. डावीला एवढं पाणी लावलान की देवीच्या अंगावरून ओघळ आला खाली. मी बघत होते. म्हटलं, आजच्या दिवस असू दे ओला."

बाहेर नारळाच्या झापांतून वारा वाजत होता. सुलूने नात माझ्या मांडीवर ठेवली. नाव ठेवलंय सोनाली. सिनेमातलं वाटतं, पण माझ्या गैरहजेरीत ठेवलेल्या नावावर मी काय बोलणार?

कोणाचं म्हणणं खरं, हे मला अजून सांगता येत नाही. जावयांचं पाणी सुकतं, इब्राहिमचं जाळं पडतं, आणि माझ्या गाभाऱ्यात अजून माणसं येतात. मी कौल लावतो. पण जो देव कधी नाही म्हणत नाही आणि उठून जाऊ देत नाही, त्याच्या दारातून मी एकदा आलो आहे, म्हणून एवढं जपतो की माझ्या देवीला नाही म्हणायला जागा राहावी. आजच सकाळी एक म्हातारा आला होता. म्हातारी आजारी. माझ्याच वयाचा, माझ्याच डोळ्यांचा. मी तगरीच्या दोन पाकळ्या खुडल्या, पाण्यात अंगठा बुडवला, आणि तो तसाच हवेत राहिला. गाभाऱ्यात तोच वास होता, विहिरीच्या तळाचा. मग मी धोतराच्या सोग्याला अंगठा टिपला आणि दोन्ही पाकळ्यांना सारखंच, एकेकच थेंब पाणी दिलं. म्हातारा गाऱ्हाण्याची वाट बघत होता. पण आधी माझ्या तोंडून दुसरंच निघालं, जरा मोठ्याने, चुलीपर्यंत ऐकू जाईल असं.

"पुसला गो."